खारजूच्या बावीवरची बायजा

खारजू बेटावरच्या एकुलत्या एका गोड्या विहिरीत त्र्यंबकनं पाय बुडवला, तो निव्वळ चांगल्या वळणापायी. परक्याच्या गावात चिखलाच्या पायांनी शिरू नये, हे त्याच्या अण्णांनी त्याला ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या घरात लहानपणीच शिकवलं होतं. शिकवताना कान असा पिळला होता की तो धडा जन्मात विसरणं शक्य नव्हतं.

सन १८८४. फाल्गुन उतरणीला लागलेला. त्र्यंबक कल्याण तालुक्यात देवी टोचायच्या कामावर होता. वय सव्वीस, अंगात सरकारी कोट, हातात लशीची पत्र्याची पेटी, काखेत छत्री आणि पायात नवा करकरीत जोडा. खेड्यापाड्यांत त्याला 'देवीडाक्तर' म्हणत. तो डॉक्टर नव्हता. पण कुणी म्हटलं तर दुरुस्तही करत नसे.

त्या दिवशी विश्राम होडीवाल्यानं घाई केली. "भरती उतरायच्या आत गाठू, साहेब," म्हणत तो ठरल्या वेळेच्या तासभर आधी निघाला. आणि तरीही भरती त्याच्या आधी उतरली. धक्क्याकडे जायला पाणी उरलं नाही, म्हणून त्यानं त्र्यंबकला बेटाच्या मागच्या अंगाला, तिवरांच्या झुडपांत उतरवलं. तिथं गुडघाभर चिखल. जोडा काढून हातात घेतला, पेटी डोक्यावर घेतली, छत्रीची काठी केली आणि देवीडाक्तर वर आला तेव्हा कमरेच्या वर सरकारी नोकर आणि कमरेच्या खाली म्हैस, असं त्याचं रूप झालं होतं.

समोर पाहतो तो विहीर. चांगली बांधीव, काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, सगळ्यात वरच्या पायरीवर कोरलेलं: कल्याणच्या कुण्या मिठाच्या व्यापाऱ्यानं मातोश्रींच्या स्मरणार्थ धर्मादाय बांधिली. माणूस कुणी नाही. सगळा गाव पलीकडे गावदेवीच्या देवळापुढे पोरं घेऊन त्याचीच वाट पाहत बसला होता.

आणखी एक गोष्ट होती. तीन दिवस झाले त्याच्या डाव्या घोट्यावर एक फोड आला होता. नवा जोडा चावला, दुसरं काय! पण त्या फोडाची आग अशी होती की जोडा शिवणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी त्र्यंबकनं मनातल्या मनात पुरी केली होती. तो पायऱ्या उतरला, शेवटच्या पायरीवर बसला आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. अहाहा! डोळे आपोआप मिटले. घोट्यातली आग अशी शांत झाली की जणू कुणी चंदनच लावलं. फोड फुटला तेही सुखाचंच वाटलं. पाण्यात एक पांढुरका ढग उमटला आणि हळूहळू विरला.

"पाय भायेर काड!"

त्र्यंबक दचकला. वरच्या पायरीवर एक म्हातारी उभी होती. साठीची असेल. वाळल्या बोंबलासारखी काटकुळी, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, हातात काठी. एवढ्या आवाजाला ती एवढीशी कुडी कशी पुरत असेल, असा प्रश्न त्याला पडला. पण तो विचारायची वेळ नव्हती.

"आयकाला नाय येत? पाय भायेर!"

त्यानं पाय बाहेर काढले. ती भराभरा खाली आली, पाण्याच्या वरच्या पायरीवर थांबली आणि वाकून घोटा न्याहाळू लागली.

"जोडा चावला हो, आजी," तो म्हणाला.

"जोड्याला शेपटी असते का रं?"

त्यानं पाहिलं. फुटलेल्या फोडातून पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक डोकावत होतं. ते हलत होतं. देवीडाक्तरचा चेहरा त्या दोऱ्याहून पांढरा झाला. तालुकाभर लोकांना आरोग्य वाटत हिंडणाऱ्या माणसाच्या पायात नारू होता, आणि त्याला तो जोडा वाटला होता.

म्हातारी मात्र आता त्याच्या पायाकडे पाहत नव्हती. ती पाण्याकडे पाहत होती. पाहता पाहता ती मटकन पायरीवर बसली.

"नऊ वर्सां," ती म्हणाली. "नऊ वर्सां बेटाव नारू नवता. रोज बसते मी हितं. आजच तेवरी उठले, पोरांना देवी टोचून घ्याला न्याची म्हनून."

म्हणजे ज्याच्यासाठी ती राखण सोडून उठली होती, तोच मागच्या दारानं येऊन विहिरीत पाय घालून बसला होता. तिनं पदरानं एकदा डोळे पुसले. एकदाच, आणि तेही घाम पुसावा तसे. मग उठून ती वर गेली, बाभळीची एक काटेरी फांदी ओढत आणली आणि वरच्या पायरीवर आडवी टाकली. विहीर बंद.

ही बायजा. आगरी समाजातली, मिठागरात राबून म्हातारी झालेली. खारजूवर त्रेचाळीस घरं आणि दोनशेबारा माणसं. त्या दोनशेबारांत बायजा कुणाचीच पाटलीण नव्हती, वैदीण नव्हती, भगतीण नव्हती. पण तिनं आडवी टाकलेली फांदी ओलांडायची छाती त्या बेटावर कुणाची नव्हती, हे त्र्यंबकला पुढच्या घटकाभरात कळलं.

गाव जमला. धोंडीबा पाटील पुढे झाला. मोठा अंगापिंडाचा माणूस, पण बायजेपुढे उभा राहिला की शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा दिसायचा.

"बाव उपसाची," बायजा म्हणाली. "समदी. तलाला लागंस्तवर."

"फागुनान?" धोंडीबा म्हणाला. "अगं बायजे, आतांच अर्दी बाव कोरडी परली. हाय ता पानी खाडीन वतायचा, आनि मग पिवाचा काय? मिठागरातला पानी?"

"झरा हाय. तीन दिसान भरंल. तीन दिस डोंबोलीच्या बाजूशी होडीन हंडे आनू."

"आनि नाय उपसली तर? आज तर कोनाला काय झाला नाय."

"आज व्हत नाय, धोंडीबा. आज प्यालेला पानी पुडल्या फागुनान पायातनं निंगतं. तवा तुज्या मिठाच्या हंगामान तू मिठागरान उबा नसशील, खाटल्याव असशील. इसारलास?"

धोंडीबा विसरला नव्हता. त्यानं आपल्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. तो गुडघा वाकत नव्हता.

त्र्यंबकला वाटलं, आता आपण इथून हळूच निघावं. लाज अशी वाटत होती की खाडी पोहूनसुद्धा गेला असता. पोरांना पुढच्या आठवड्यात टोचू, म्हणत तो वल्हं घेऊन गर्दीत येऊन उभ्या राहिलेल्या विश्रामकडे वळला, तोच बायजेनं हाक मारली.

"डाक्तर, तुजा फेरा किती गावांचा?"

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. त्यातल्या त्यात अभिमानानं.

"अठ्ठेचालीस गावां. आनि अठ्ठेचालीस बावी." तिनं विश्रामच्या हातातलं वल्हं काढून घेतलं आणि आपल्या काखेत मारलं. "पायातला निंगंस्तवर तू हितंच."

"अहो, पण मी सरकारी नोकर आहे!"

"म्हनूनच. आमचा मानूस एकाच गावान हिंडतो."

विश्राम गालातल्या गालात हसत होता. त्याला वल्हं परत मिळालं ते देवीडाक्तर देवळाच्या पडवीत बिऱ्हाड मांडून बसल्यावरच.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच विहीर उपसायला सुरुवात झाली. काठावर फळी टाकून चार जण पोहऱ्यांनी पाणी ओढत होते. तिथून खाडीपर्यंत माणसांची रांग. म्हातारेकोतारे, बाया, कडेवर पोरं घेतलेल्या लेकुरवाळ्या. हंडा या हातातून त्या हातात जात होता आणि शेवटी धोंडीबा तो खाडीत ओतत होता. पाय वर बांधून दगडावर बसवलेला त्र्यंबक हे सगळं पाहत होता. त्याला वाटलं होतं, आता शिव्या सुरू होतील. अख्ख्या गावाचं उन्हाळ्याचं पाणी एका उपऱ्यानं नासवलं. शिव्यांचा तो हक्कच होता.

शिव्या आल्या नाहीत. दुसरंच काहीतरी झालं. कलावती नावाच्या एका बाईनं, ओटीत पाच महिन्यांचं पोर, हातातला हंडा पुढे देताना त्यात एकदा वाकून पाहिलं. नितळ पाणी. आरशासारखं. तिनं मान फिरवली आणि हंडा पुढे दिला. तिच्या मागच्या बाईनंही तेच केलं. त्र्यंबकनं पुस्तकांत राजेरजवाड्यांचे त्याग वाचले होते. पण राजाला तहान लागली की दुसरीकडून पाणी येतं. या बायकांना घरी जाऊन पोरांना घोटघोट मोजून द्यायचं होतं, आणि तरी त्या ओतत होत्या, का तर बायजा म्हणाली म्हणून. जे डोळ्यांना दिसत नाही आणि वर्षभर दिसणारही नाही, त्याच्यासाठी. त्र्यंबकनं नकळत हात जोडले. मग कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून ते छत्रीच्या दांड्याभोवती गुंफले.

उपशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीचा तळ लागला. तळाच्या गाळात एक जुना गडवा, दोन गोट्या आणि धोंडीबाचा तरुणपणी हरवलेला चांदीचा तोडा सापडला. धोंडीबा जेवढा खूश झाला तेवढीच त्याची बायको विचारात पडली, की हा त्या वयात पहाटे बायकांच्या पाणवठ्यावर काय करत होता.

मग झरा भरेपर्यंतचे तीन दिवस विश्रामची होडी हंड्यांनी भरून येत राहिली. विहीर भरली तेव्हा बायजेनं नवा हुकूम काढला: महिनाभर पाणी चौपदरी फडक्यातून गाळूनच प्यायचं.

"त्यानं काय होतं?" त्र्यंबकनं विचारलं.

"माना नाय म्हाईत," ती म्हणाली. "पन गालून कोनाचा वाईट झालाय?"

इकडे त्याच्या पायाचं काम सुरू झालं होतं. रोज सकाळी बायजा यायची. धोत्र्याचं पान गरम करून घोट्यावर बांधायची, पाय घमेल्यावर धरून त्यावर पाण्याची धार सोडायची, आणि ते घमेलं लांब वाळूत नेऊन ओतायची. मग काडीला गुंडाळलेला नारू अगदी एक बोट पुढे ओढायची. दोन बोटं नाही. एकच.

"आजी, थोडं जास्त ओढा ना. महिनाभर असा बसलो तर माझी नोकरी जाईल."

"तुटला तर पाय जाईल. कंचा ठेवाचा?"

एकदा ती पाठमोरी असताना त्यानं स्वतःच काडी धरून जरा वळवून पाहिली. तिनं मागे न बघता त्याच्या हातावर चापट मारली. तिला मागे डोळे होते, असं त्र्यंबक पुढे आयुष्यभर सांगत असे.

गावाला ती एक करमणूकच झाली. सकाळी मिठागरावर जाणारा प्रत्येक जण देवळापाशी थांबून विचारायचा, "डाक्तर, आज किती बोटां?" आणि सात झाली म्हटलं की, "वा, वा, रांगंला लागला!" असं काहीतरी बोलून फावडं खांद्यावर टाकून निघायचा. त्र्यंबकनं बसल्या बसल्या बेटावरच्या चौसष्ट पोरांना देवी टोचल्या. एकाही आईनं खळखळ केली नाही. खळखळ करायला खरं तर तोच एक होता.

त्यानं घरी पत्र लिहिलं. अण्णांचं उत्तर आलं, 'आपल्या घराण्यात आजवर नारू कुणास झाला नाही. तरी हे पत्र कुणास दाखवू नये.' दाखवायला कुणी नव्हतं. सुरुवातीला तो सोवळ्यात स्वतःचा भात स्वतः शिजवायचा. खालून करपलेला, वरून कच्चा. दहाव्या दिवशी बायजेनं तांदळाची गरम भाकरी आणि वालाचं बिरडं पुढ्यात ठेवलं आणि ती निघून गेली. त्र्यंबकनं एकदा भाताच्या पातेल्याकडे पाहिलं, आणि भाकरी मोडली. ही गोष्ट अण्णांना शेवटपर्यंत कळली नाही.

एके सकाळी काडी फिरवता फिरवता त्यानं विचारलं, "आजी, नारू पाण्यातनं येतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगल? माजा घोव सांगून गेला."

तिनं सगळं सांगितलं, तेही मिठाचा भाव सांगावा तशा आवाजात. सोळा वर्षांपूर्वीपर्यंत या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. काठावरून दोर टाकून पोहऱ्यानं पाणी काढायचे. मग व्यापाऱ्यानं धर्म केला, पायऱ्या बांधल्या. गावानं त्याच्या नावानं नारळ फोडला. बायका खाली उतरून हंडे बुडवून भरू लागल्या. मिठागरातून आलेले गडी भेगाळलेले पाय पाण्यात सोडून बसू लागले. किती बरं वाटायचं! दोन वर्षांनी बेटावर एकतीस पाय सुजले. ऐन मिठाच्या हंगामात. तिचा नवरा दौलत त्यांतला. त्याचा नारू ओढताना तुटला, पाय सडला आणि चैत्रात तो गेला.

"कोन बोलला देवीचा कोप. कोन बोलला शिलं मासं खाल्लं. मिठागराचा मालक बोलला, कामाचा आलस. मी बोलले, आपुन बघू."

"काय बघितलंत?"

"पाय बघलं. आनि हंडं बघलं."

ती उठली आणि त्याला काठीचा आधार देत आपल्या घरी घेऊन गेली. कुडाची, शेणानं सारवलेली भिंत. त्या भिंतीवर चुलीजवळ कोळशानं ओढलेल्या खुणा होत्या. एकीखाली एक ओळी, दर वर्षाची एक. प्रत्येक ओळीत त्रेचाळीस घरं. घरापुढे जेवढे सुजलेले पाय तेवढ्या रेघा. आणि प्रत्येक घराच्या डोक्यावर एक खूण, गोल नाहीतर उभी. दरवर्षी सारवताना ती सगळं सारवायची, पण तेवढी भिंत सोडून.

"गोल म्हंजे?"

"पायऱ्यांची बाव. उबी म्हंजे जुना खड्डा, पार त्या टोकाला. तितला पानी घान, वास मारतो. कोन पीत नवता. फकस्त रखमाबायचं घर."

"का बरं?"

"कोंबड्यावरनं भांडण. तिचा कोंबडा कोनीतरी खाल्ला, मग ती बोलली, तुमच्या पायऱ्यांव मी पाय ठेवनार नाय, आनि माजी पोरंसुदीक नाय. सात मानसां घरान. पोहऱ्यानं वडून खड्ड्याचं घान पानी पिली. तीन वर्सां."

त्र्यंबकनं रखमाबाईचं घर शोधलं. उभी खूण. तिच्यापुढे तिन्ही वर्षं एकसुद्धा रेघ नव्हती. भोवतीच्या सगळ्या गोल खुणांपुढे रेघांची दाटी, आणि मधोमध ती एक स्वच्छ जागा.

एका चोरून खाल्लेल्या कोंबड्यानं सात माणसांचे चौदा पाय वाचवले होते, आणि ही गोष्ट अख्ख्या बेटात फक्त एका बाईच्या डोळ्यांत भरली होती. तिनं एकदम ओरडून नाही सांगितलं. आणखी एक वर्ष पाहिलं. मग आणखी एक. नवरा गेलेला, मिठागरात दिवसभर राबून संध्याकाळी ती त्रेचाळीस दारांत जाऊन पाय बघायची. लोक म्हणाले, दौलत गेल्यावर बायजेच्या डोक्यावर परिणाम झाला. मग एके दिवशी ती विहिरीच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, पाय दाखवल्याशिवाय खाली कुणी उतरायचं नाही. लोकांनी शिव्या दिल्या, शेण मारलं, धोंडीबानं गावकी बसवली. ती बसून राहिली. पुढल्या ओळीत एकतीसच्या अकरा रेघा झाल्या. मग चार. मग एक. आणि त्याखालच्या नऊ ओळींत नुसत्या गोल खुणा, त्यांच्यापुढे कोरी भिंत.

त्र्यंबक त्या भिंतीपुढे उभा होता. त्याच्या पेटीत खात्याचं छापील पुस्तक होतं. त्यात नारूवर अडीच पानं होती आणि शेवटी लिहिलं होतं की, या रोगाचं कारण नक्की समजलेलं नाही. ओलसर जमीन हे एक असावं. त्यानं ते तिला वाचून दाखवलं.

"ज्यानं लिवलं, त्याच्या घरा पानी कोन आनतो?" तिनं विचारलं.

"गडी आणत असेल."

"हां," ती म्हणाली, आणि परत त्याच्या काडीकडे वळली.

तिसाव्या दिवशी नारूचं शेवटचं टोक बाहेर आलं. सव्वा हात. गावानं तो पाहिला, वाखाणला, आणि बायजेनं तो चुलीत टाकला. निघताना त्र्यंबकच्या मनात एकच गोष्ट होती. पाय बरा झाला होता, पण त्याचा पाय ज्या पाण्यात बुडला होता त्याचा निकाल अजून लागायचा होता. पुढल्या फाल्गुनात. उपसण्याआधीच्या त्या रात्री कुणी चोरून हंडा भरून नेला असेल तर? गाळात काही राहिलं असेल तर? तो बायजेला विचारायला गेला.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "आता वरीसभर वाट बघ. मी बघतेच हाय."

ते वर्ष त्र्यंबकनं ज्या रीतीनं काढलं त्याची त्याच्या घरात पुढे थट्टा होई. तो कुणाकडे जेवायला गेला तरी पहिल्यांदा यजमानांचे घोटे बघायचा. अठ्ठेचाळीस गावांत जिथं जिथं पायऱ्यांची विहीर होती तिथं तिथं भिंतीवर कोळशानं नाही, पण वहीत शाईनं त्यानं गोल खुणा आणि रेघा काढल्या. त्या घेऊन तो कचेरीत गेला. साहेबानं त्या एकदा उभ्या, एकदा आडव्या पाहिल्या आणि हे शोधून काढणारा कोण, असं विचारलं. त्र्यंबक म्हणाला, "मी नाही, साहेब." एवढं खरं बोलून त्याची बढती एक वर्ष पुढे गेली, पण खारजूच्या विहिरीच्या पायऱ्या काढून काठ बांधून घ्यायला हरकत नाही, असा कागद मात्र हातात पडला. व्यापाऱ्याच्या नातवाकडे तो चार वेळा गेला. चौथ्या वेळी नातू कंटाळून म्हणाला, "गावाला चालत असेल तर मला चालतं."

फाल्गुन आला. यावेळी त्यानं विश्रामला भरती नीट पाहायला लावली आणि होडी धक्क्याला लागली. त्र्यंबक होडीतूनच मान लांब करून लोकांचे पाय शोधत होता. एक जरी पाय सुजलेला दिसला, तरी तो त्याचा पाय होता.

धक्क्यावर सगळा गाव ओळीनं उभा होता. पुढे बायजा. तिनं काठी आपटली, आणि दोनशेपंधरा माणसांनी (वर्षात तीन वाढली होती) धोतरं, लुगडी, लंगोट्या आवरून पाय पुढे केले. धोंडीबानं आपला न वाकणारा गुडघाही. कलावतीनं दीड वर्षाच्या पोराला उचलून त्याचे तळवे दाखवले. सगळे हसत होते. त्र्यंबक ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालत गेला. भेगा होत्या, मिठानं खाल्लेल्या टाचा होत्या, एक अंगठा ठेचलेला होता. नारू नव्हता. एकही नाही. शेवटच्या पायापाशी पोचेपर्यंत त्याला समोरचं नीट दिसेना. तो म्हणाला, ऊन फार आहे.

मग त्यानं कागद वाचून दाखवला, आणि धक्क्यावरचं हसणं थांबलं. पायऱ्या काढायच्या? धर्मादायाचा दगड? वर कुणाच्या आईचं नाव कोरलेलं?

"काढाला पायजेत," बायजा म्हणाली. "मी काय अमरपट्टा घेऊन आले? मी गेले का वर कोन बसंल? तू बसशील, धोंडीबा?"

धोंडीबा पहारी मागवायला वळला. सगळे विहिरीवर गेले. पहारी आल्या, घण आला. पण पहिला घाव घालायला कुणी पुढे होईना. एकानं पहार दुसऱ्याच्या हातात दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, जशी गेल्या साली हंड्यांची रांग चालली होती तशी ती पहार फिरत फिरत त्र्यंबककडे आली. त्र्यंबकनं ती धरली खरी, पण कोरलेल्या अक्षरांकडे पाहून तोही अडला. कितीही झालं तरी तो अण्णांचा मुलगा होता.

बायजेनं त्याच्या हातातून पहार घेतली. साठीची ती काटकुळी बाई पायऱ्यांवर उभी राहिली, पदर खोचला आणि पहार दोन्ही हातांनी वर उचलली.

"बायजाबाई," त्र्यंबकच्या तोंडून निघून गेलं, "पाप लागलं तर?"

"लागू दे. पाप काय पायातनं भायेर येत नाय."